स्वर्गाचा हिशेब बाजूला ठेवला तर

रेल्वे स्टेशनाबाहेर, बसस्टँडवर, कधी चर्चच्याच फाटकाशी एक छोटी पत्रिका हातात दिली जाते. तिच्यावर बहुधा एकच प्रश्न असतो : आज रात्री तुम्हाला मरण आलं तर तुमचा आत्मा कुठे जाईल? आत दोन चित्रं, एक आगीचं आणि एक प्रकाशाचं. शेवटी एक तयार प्रार्थना. महाराष्ट्रातल्या कितीतरी माणसांना ख्रिस्ती विश्वासाची पहिली ओळख अशी होते, आणि पुष्कळदा तीच शेवटचीही ठरते. त्यांच्या मनात एवढंच राहतं की ही मंडळी स्वर्गात जागा मिळावी म्हणून येशूला मानतात. मला त्याहून जास्त वाईट वाटतं ते आमच्याच घरांतल्या मुलांचं. जन्मापासून मंडळीत, म्हणजे चर्चच्या समाजात, असलेल्या, संडे स्कूलची बक्षिसं मिळवलेल्या अनेक तरुणांची समजूतही याहून वेगळी नसते. मग कॉलेजात कुणीतरी विचारतं, मेल्यानंतर काही असतं याला पुरावा काय? उत्तर सुचत नाही, आणि प्रार्थना, गीतं, प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस वाटून घेण्याचा विधी), सगळंच एकदम निरर्थक वाटू लागतं.

मी नगर जिल्ह्यातल्या मराठी मंडळीत वाढले. मृत्यूनंतरच्या जीवनावर माझी श्रद्धा आहे, ती नाकारायला मी बसलेली नाही. माझं म्हणणं असं आहे की ख्रिस्ती विश्वासातला आनंद त्या श्रद्धेच्या आधाराने उभा नाही. स्वर्गाबद्दल मनात शंका असलेला माणूसही तो आनंद आज, इथे, पुरेपूर घेऊ शकतो, आणि त्याला तो घेऊ द्यायला हवा. आमच्या व्यासपीठांवरून हे बोललं जात नाही. तिथे आनंद कायम पुढच्या तारखेवर टाकलेला असतो.

हे काही नवं, आधुनिक मनाला सोयीचं वाटावं म्हणून काढलेलं मत नाही. जुना करार, म्हणजे बायबलचा येशूच्या आधीचा भाग, उघडून बघा. आपण ज्याला स्वर्गातलं जीवन म्हणतो त्याची आशा त्यातल्या बहुतेक पानांवर नाहीच. मेलेला माणूस अधोलोकात जातो, आणि तिथे अंधार आणि शांतता. मेलेले देवाची स्तुती करत नाहीत, असं स्तोत्रकर्ता सरळ सांगतो. मृतांतून पुन्हा उठण्याची स्पष्ट भाषा येते ती दानीएलाच्या पुस्तकात, आणि ते पुस्तक अभ्यासकांच्या मते इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातलं आहे. येशूच्या काळातही सदूकी पंथाचे लोक पुनरुत्थान मानत नव्हते, आणि यरुशलेमच्या मंदिरातले मोठे याजक त्यांच्यातलेच होते.

आता याच यहुदी लोकांची स्तोत्रं वाचा. डफ आहे, झांजा आहेत, नाच आहे. मिसरातल्या गुलामीतून सुटून समुद्र ओलांडून आल्यावर मोशेची बहीण मिर्याम डफ घेऊन बायकांना पुढे नेते. देवाच्या कराराचा कोश, म्हणजे पवित्र पेटी, यरुशलेमात येताना दावीद राजा इतका नाचतो की त्याच्या बायकोला लाज वाटते. उपदेशकाच्या पुस्तकाला मरणाचं भान क्षणभरही सुटत नाही, आणि तेच पुस्तक सांगतं, जा, आनंदाने आपली भाकर खा, कारण तुझं काम देवाला आधीच आवडलेलं आहे. मला सगळ्यात जवळची वाटते ती हिज्कीया राजाची प्रार्थना. जिवावरच्या दुखण्यातून तो उठतो आणि म्हणतो, कबर तुझे आभार मानत नाही. जिवंत, जिवंत माणूसच तुझी स्तुती करतो, जशी आज मी करतो आहे. या माणसाला मेल्यानंतर काही मिळेल अशी अपेक्षाच नाही. आणखी थोडी वर्षं मिळाली आहेत आणि ती देवाबरोबर घालवायची आहेत, एवढ्यानेच त्याचं मन भरून आलं आहे. शतकानुशतकं एक अख्खा समाज असा जगला. येशू त्याच समाजात जन्मला आणि हीच स्तोत्रं म्हणत वाढला.

स्वतः येशूने स्वर्गाबद्दल काहीच सांगितलं नाही असं मी म्हणणार नाही. तो बोलला, आणि न्यायाबद्दलही कडक शब्दांत बोलला. पण त्याने शिकवलेली प्रार्थना बघा. 'तुझे राज्य येवो. जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही तुझ्या इच्छेप्रमाणे होवो.' प्रार्थनेची सगळी ओढ इकडे, पृथ्वीकडे आहे. पुढची मागणी रोजच्या भाकरीची, त्यापुढची ऋणांच्या क्षमेची. मला मेल्यावर तुझ्याकडे ने, ही मागणी तिच्यात कुठेच नाही. आपण दर रविवारी ही प्रार्थना म्हणतो, आणि प्रवचनात मात्र दिशा उलटी करतो.

लूकच्या पंधराव्या अध्यायातल्या दोन मुलांच्या दाखल्यात धाकट्यावर खूप बोललं जातं. माझ्या मते या विषयाचं मर्म थोरल्यात आहे. वाटणी घेऊन निघून गेलेला, सगळं उधळलेला धाकटा परत आला म्हणून घरात गाणं-बजावणं चाललं आहे, आणि थोरला शेतातून येऊन दाराबाहेर उभा आहे. आत जायला तयार नाही. त्याची तक्रार नीट ऐका. इतकी वर्षं मी तुमची चाकरी केली, तुमची आज्ञा कधी मोडली नाही, आणि मला मित्रांबरोबर खायला कधी एक करडूसुद्धा दिलं नाही. त्याने घरातली सगळी वर्षं मजुराच्या हिशेबाने काढली. चाकरी केली, आता मोबदला कुठे आहे? बाप त्याला मोबदल्याचं वचन देत नाही. पुढे देईन, असंही म्हणत नाही. तू सदा माझ्याबरोबर आहेस आणि माझं आहे ते सगळं तुझंच आहे, एवढंच सांगतो. म्हणजे जे मिळायचं ते त्याला रोज मिळतच होतं. बापाबरोबर राहणं हेच ते होतं, आणि त्याला त्यात आनंद वाटला नाही, कारण तो दुसऱ्याच कशाची तरी वाट पाहत होता. स्वर्गासाठी देवाची चाकरी करणारा विश्वासी मला या थोरल्या मुलासारखा वाटतो. तो घरातच आहे, प्रामाणिक आहे, कष्टाळू आहे, आणि मेजवानी चालू असताना अंगणात उभा आहे.

मराठी वाचकाला हे परकं वाटू नये. मुक्ती नको, संपदा नको, संतांची संगत दे आणि मग खुशाल पुन्हा जन्माला घाल, असं तुकोबा देवाला म्हणतात. प्रेमापुढे मोक्षही नको म्हणणारी ही परंपरा आपल्या मातीतली आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. आपण तुकारामांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. त्या सेतूवरून येणाऱ्याला नरकाच्या भीतीचा धाक लागला नव्हता. त्यांची भजनं आम्ही आजही टाळ-मृदंगावर म्हणतो. त्यांतला ख्रिस्त हा आज भेटणारा, गुरू आणि सखा असणारा, हात धरणारा आहे. लहानपणी रात्रीच्या भजनांना बसलं की म्हाताऱ्या माणसांचे डोळे मिटलेले आणि चेहरे उजळलेले दिसत. त्या वेळी त्यांच्या मनात स्वर्गातली जागा होती असं मला कधी वाटलं नाही. जो समोर आहे त्याच्याबरोबर ती माणसं बसलेली होती.

इथे एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. ज्या आईचं लेकरू गेलं तिला तुम्ही काय सांगणार? स्वर्गात भेट होईल ही आशा तिच्याकडून काढून घेणार? हा प्रश्न मला कुणी रागाने विचारला तर तो राग मला पटतो. सुखात बसून दुसऱ्याच्या आशेवर प्रवचन करणं हा निर्दयपणा आहे. मी ती आशा कुणाकडूनही काढून घेणार नाही. पण कबरेपाशी आपण ती कशी वापरतो, हे मात्र तपासायला हवं. पेटी खाली उतरलेली असते, माती पडत असते, आणि वक्ता सांगत असतो की रडू नका, तो आता अधिक चांगल्या ठिकाणी आहे. हे ऐकताना त्या आईचा चेहरा मी पाहिलेला आहे. तिला रडायचीसुद्धा परवानगी उरत नाही. रडली तर तिचा विश्वास कमी ठरतो.

योहानाच्या अकराव्या अध्यायात बेथानी गावातलं असंच एक घर आहे. लाजर मेला आहे, चार दिवस झाले आहेत. येशू येतो तेव्हा मार्था त्याला वाटेतच गाठते. तुझा भाऊ पुन्हा उठेल, असं तो म्हणतो. मार्था शिकवल्याप्रमाणे बरोबर उत्तर देते : होय, शेवटल्या दिवशी, पुनरुत्थानाच्या वेळी तो उठेल हे मला ठाऊक आहे. आमच्या कोणत्याही संडे स्कूलमध्ये तिला पूर्ण गुण मिळाले असते. येशू तेवढ्यावर थांबत नाही. 'पुनरुत्थान व जीवन मीच आहे,' असं तो म्हणतो. तिने शेवटल्या दिवसावर नेऊन ठेवलेली गोष्ट तो त्याच रस्त्यावर, तिच्यासमोर आणतो. आणि मग, पुढच्या काही मिनिटांत आपण लाजराला हाक मारून कबरेतून जिवंत बाहेर बोलावणार आहोत हे माहीत असूनही, तो रडतो. पवित्र शास्त्रातलं ते अगदी लहानसं वचन आहे : 'येशू रडला.' चांगल्या ठिकाणी गेला, रडू नका, असं तो म्हणत नाही. कुणाच्याही दुःखावर सांत्वनाची घाई करणाऱ्या प्रत्येक पाळकाने हे वचन तोंडपाठच नव्हे, अंगात मुरवून घ्यायला हवं.

माझ्या अनुभवात मयताच्या घरी सांत्वन होतं ते वेगळ्याच गोष्टींनी. कबर खणायला तरुण मंडळी पहाटे जातात. शेजारच्या घरांतून पिठलं-भाकरीचे डबे येतात. बायका रात्रभर उशाशी बसून गीतं म्हणतात, आवाज बसतो तरी म्हणतात. महिनाभराने, सगळे आपापल्या कामाला लागल्यावर, कुणीतरी एकटीच येऊन भांडी घासून जाते. या गोष्टी शब्द न बोलता सांगतात की तू एकटी नाहीस. स्वर्गाची आशा असलेल्यालाही त्या पुरतात आणि जिची आशा त्या दिवशी विझलेली आहे तिलाही.

दुसरा आक्षेप पौलाचा, येशूचा संदेश गावोगावी नेणाऱ्या प्रेषिताचा. आपण ख्रिस्तावर फक्त या आयुष्यापुरती आशा ठेवली असेल तर आपण सगळ्या माणसांत अधिक केविलवाणे आहोत, असं तो करिंथकरांना लिहितो. हे वाक्य माझ्याविरुद्ध जातं असं वरवर दिसतं, आणि मी ते चुकवून पुढे जाणार नाही. पौलाला पुनरुत्थान फार मोलाचं आहे. पण तो अख्खा अध्याय वाचा. पुनरुत्थानाबद्दल एवढं सगळं सांगून झाल्यावर शेवटच्या वचनात तो कुठे येऊन थांबतो? म्हणून प्रभूच्या कामात भरभरून राहा, तुमचे श्रम व्यर्थ नाहीत. म्हणजे इथले श्रम. पुनरुत्थानाची आशा त्याला पृथ्वीपासून उचलून नेत नाही, कामाला परत लावते. आणि फिलिप्पैकरांना तुरुंगातून लिहिताना तर तो आपलं मन उघडच करतो. इथून निघून ख्रिस्ताजवळ जावं, ते अधिक चांगलं, असं त्याला वाटतं. तरी तो राहायचं ठरवतो, कशासाठी, तर तुमची विश्वासात प्रगती व्हावी आणि तुम्हाला आनंद व्हावा म्हणून. समोर स्वर्ग आहे, आणि हा माणूस दुसऱ्यांच्या इथल्या आनंदासाठी तो पुढे ढकलतो! 'प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा. पुन्हा म्हणेन, आनंद करा,' हे प्रसिद्ध वाक्य त्याच पत्रातलं आहे. सुटका होईल की शिरच्छेद, हे लिहिताना त्याला माहीत नव्हतं.

विसाव्या शतकात हाच धागा जर्मनीतल्या एका पाळकाने उचलला. डीट्रिख बॉनहोफर १९४३च्या एप्रिलमध्ये पकडला गेला आणि बर्लिनच्या टेगेल तुरुंगात राहिला. हिटलरला मारण्याचा कट फसल्याच्या दुसऱ्याच दिवशी, २१ जुलै १९४४ला, त्याने मित्राला पत्र लिहिलं. कट करणाऱ्यांशी त्याचा संबंध होता, त्यामुळे आता आपलं काय होणार हे त्याला कळून चुकलं असावं. त्या पत्रात तो परलोकात आसरा शोधत नाही. या जगात, त्याच्या कामांत, प्रश्नांत, यशापयशात पूर्ण बुडून जगतानाच माणूस विश्वास ठेवायला शिकतो, असं तो लिहितो. ९ एप्रिल १९४५ला फ्लोसेनबुर्गच्या छळछावणीत त्याला फाशी दिलं. त्याच्या आदल्या दिवशी निरोप घेताना, हा शेवट आहे, माझ्यासाठी जीवनाची सुरुवात, असं तो म्हणाल्याचं सोबतच्या कैद्याने नोंदवून ठेवलं आहे. या दोन गोष्टी मला एकमेकींविरुद्ध वाटत नाहीत. ज्याने इथलं जीवन एवढ्या मनापासून देवाबरोबर जगलं, त्याला मरणाच्या दारातही तीच संगत दिसली. आशा त्या जगण्यातून उगवून आली, ती आमिष म्हणून आधी दाखवावी लागली नाही.

आता आमच्या नगरकडे येते, कारण या विषयाचं खरं वजन मला तिथे दिसतं. अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरात १८३१ साली सुरू झालं. पुढच्या काळात मंडळीत आलेले बहुसंख्य लोक महार आणि मांग समाजातले, गावकुसाबाहेरचे. त्यांना अन्नासाठी बाटले म्हणून हिणवलं गेलं, आजही हिणवतात. काहीजण म्हणतात, त्यांना स्वर्गाची लालूच दाखवली. मी वेगळं म्हणेन. ज्याला गावच्या विहिरीवर पाणी भरू दिलं जात नव्हतं, त्याला प्रभुभोजनाच्या मेजाशी बोलावलं गेलं. सगळ्यांनी ज्या भाकरीचा तुकडा मोडून घेतला तिचाच त्याने घेतला, आणि ब्राह्मण घरातून आलेला माणूस त्याच मेजाशी त्याच्या शेजारी होता. त्या क्षणाचा आनंद समजून घ्यायला परलोकाची गरज लागत नाही. त्याच्या पोरीला अक्षर ओळख झाली, तिने घरी येऊन दिव्याच्या उजेडात शुभवर्तमान मोठ्याने वाचलं, तोही त्याच आनंदाचा भाग होता. लक्ष्मीबाई टिळकांनी बाप्तिस्मा पतीनंतर पाचेक वर्षांनी घेतला, पण सोवळं-ओवळं त्यांच्या मनातून त्याआधीच गळून पडलं होतं. देवाचं राज्य आधी आलं, विधी मागून झाला.

या मेजाशी आम्ही प्रामाणिक राहिलो असं मात्र म्हणता येत नाही. लग्नं जुळवताना ख्रिस्ती घरांतही पोटजात विचारली जाते. मंडळीच्या निवडणुकांत गट कशावरून पडतात हे सगळ्यांना माहीत आहे. सरकारदरबारी तर १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने दलित ख्रिस्ती अनुसूचित जातींच्या यादीबाहेर राहिले. पुढे १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध बांधवांचा समावेश झाला, ख्रिस्ती अजून बाहेरच आहेत. अशा वेळी स्वर्गात सगळे समान असतील, हे वाक्य मला ऐकवत नाही. ते खरं असेलही. पण मेजाशी जो अन्याय आपण आज दूर करू शकतो तो स्वर्गावर ढकलून देणं म्हणजे येशूने जे इथे सुरू केलं ते थांबवणं आहे.

या सगळ्या त्रुटींसकट, आनंद डोळ्यांनी बघायचा असेल तर हंगामाच्या सणाला आमच्या मंडळीत यावं. वेदीभोवती ऊस बांधलेले, बाजरीची कणसं, भोपळे, कांद्याच्या माळा, पायांना सुतळी बांधलेली कोंबडी उपासनेच्या मधेच ओरडत असते. उपासनेनंतर आवारात लिलाव होतो. एका आजींनी रुमालात बांधून थोडी अंडी आणली होती. बोली चढत चढत बाजारभावाच्या कितीतरी पट वर गेली, ज्याने घेतली त्याने ती तशीच परत लिलावात ठेवली, दुसऱ्याने घेतली, त्यानेही परत ठेवली. शेवटी कुणीतरी ती अंडी आजींच्याच ओटीत घातली. आजी हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. आवारातले सगळे मिळून हसत होते. लुटीचा माल वाटून घेताना माणसं आनंद करतात तसा आनंद तू दिलास, असं यशया संदेष्टा देवाला म्हणतो. इथे तर माणसं आपलं देऊन टाकून आनंद करत होती.

इथलाच आनंद म्हटलं की दुसरा एक उपदेश लगेच पुढे सरसावतो, म्हणून त्याबद्दलही बोललं पाहिजे. मोठे मंडप, लाऊडस्पीकर, आणि वचन असं की विश्वास ठेवा, कर्ज फिटेल, व्हिसा मिळेल, आजार पळेल. कर्जाने पिचलेली माणसं तिथे जातात आणि खिशातलं उरलंसुरलं दानपेटीत टाकून येतात. हा उपदेश मला पत्रिकेतल्या उपदेशाचाच भाऊ वाटतो. तिथे मोबदला मेल्यावर, इथे मोबदला महिनाअखेरीला. देव दोन्हीकडे पैसे चुकते करणारा मालक. कर्ज फिटलं नाही की माणूस एकतर देवाला सोडतो किंवा स्वतःलाच पापी ठरवतो. आनंद करा असं लिहिणाऱ्या पौलाच्या बेड्या सुटल्या नव्हत्या.

पंडिता रमाबाईंचं उत्तरायुष्य मला या दोन्ही उपदेशांना पुरेसं उत्तर वाटतं. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन शेकडो अनाथ, उपाशी मुली आणि विधवा घेऊन आल्या आणि केडगावला त्यांच्यासाठी घर उभं राहिलं. त्या मुलींना शेती, विणकाम, छपाई शिकवली. स्वतः रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर केलं आणि ते केडगावच्याच छापखान्यात छापलं जाऊ लागलं. १९२१ साली मुलगी मनोरमा गेली. एकुलती एक, आश्रमाचा भार ज्या खांद्यांवर ठेवायचा होता ती. रमाबाई भाषांतराच्या कामाला पुन्हा बसल्या आणि १९२२च्या एप्रिलमध्ये गेल्या, तोवर ते काम जवळजवळ पुरं केलं होतं. त्यांचा परलोकावर गाढ विश्वास होता, यात शंका नाही. पण ज्या बाईला नुसतं स्वर्गात जायचं असतं ती उतारवयात दोन परक्या भाषांचे धातू घोकत बसत नाही. खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत देवाचा शब्द उतरावा, यातच तिला गोडी लागलेली होती.

म्हणून माझी मागणी आमच्या मंडळ्यांकडे आहे, आणि ती साधी आहे. दृढीकरणाच्या, म्हणजे मंडळीचे पूर्ण सभासद होण्याआधीच्या, वर्गात पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना तुम्ही मेल्यावर कुठे जाल, हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारू नका. स्वर्ग नसता तरी तुम्ही प्रार्थना केली असती का, असं विचारा, आणि मुलं काय म्हणतात ते मधे न बोलता ऐका. काहीजण नाही म्हणतील. त्यांना रागावू नका, हंगामाच्या सणाच्या लिलावाची वही त्यांच्या हातात द्या, आजारी माणसाकडे प्रभुभोजन घेऊन जाताना त्यांना बरोबर न्या, कबर खणायला बोलवा. दफनविधीत सांत्वनाच्या भाषणाआधी घरच्यांना रडायला वेळ द्या. पाळकांनी वर्षातून निदान काही रविवार असे ठेवावेत की ज्यात प्रवचन स्तोत्रांवर आणि उपदेशकावर असेल आणि मृत्यूनंतरचा एक शब्दही त्यात नसेल. त्या रविवारीही लोक गीतं म्हणतील, भाकर मोडतील आणि एकमेकांना शांतीची सलामी देतील. आणि ज्याच्या मनात परलोकाबद्दल शंका आहे, असा कुणी मागच्या बाकावर बसलेला असेल, तर त्यालाही मेजाशी येण्यासाठी उठावंसं वाटेल.